सोपा प्रश्न नको

बाळापूरच्या बाजारात जहाँआराचं सतरंज्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या पायरीला लागून माणिकबाई भाजी घेऊन बसायची. नदीपलीकडच्या खेड्यात तिचं आणि नवऱ्याचं, उत्तमरावांचं, थोडं ओलिताचं वावर. त्यातली वांगी, मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ती रोज सकाळी घेऊन यायची. दुपारी उन्हानं गिऱ्हाईक पांगलं, की जहाँआरा दुकानातूनच आवाज द्यायची.

"सांग माणिकबाई. बाई विहिरीवर आली. घागर फुटली. बाई रडत नाई, हसते. पिच्चर कोणता?"

"‘जुगनू महल’," माणिकबाई वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणायची. "अन् ते हिरोईन नोहे. ते तिची मैत्रीण. हिरोईन झाडामांगं उभी हाय."

"झाड कशाचं?"

"चिंचेचं. मले काय विचारतं, माह्या बापाच्या थेटरातला पिच्चर हाय तो."

थेटर काही तिच्या बापाचं नव्हतं. बाप परतवाड्याला थेटरासमोर फुलं विकायचा. मध्यंतरानंतर दारावरचा माणूस कोणाला अडवत नसे, तेव्हा लहानगी माणिक आत शिरायची. त्यामुळे जुन्या जमान्यातल्या पुष्कळ सिनेमांचे शेवट तिला तोंडपाठ होते, सुरुवातीचा पत्ता नव्हता. जहाँआराचं उलटं. ती फुफीबरोबर, म्हणजे आत्यासोबत, दुपारच्या खेळाला जायची, पण अब्बा घरी यायच्या आत परतायचं म्हणून मध्यंतराला उठावं लागायचं. लग्नानंतर दोघींनी घरच्या टीव्हीवर उरलेले अर्धे सिनेमे हळूहळू पाहून घेतले. तरी भांडण व्हायचं ते व्हायचंच. खेळाचा नियम एकच होता. सोपं विचारायचं नाही. सोपं विचारणं म्हणजे समोरच्याला येडं समजणं, असं जहाँआरा म्हणायची.

या खेळात तिसरा होता देवमन. माणिकबाईचा धाकटा दीर. सायकलवर भाजीची पोती बांधून तो बाजारात यायचा आणि जायचं विसरायचा. सिनेमातली माणसं त्याच्या लक्षात राहत नसत, जनावरं राहत. नायकाचं नाव विचारलं तर डोकं खाजवायचा, पण त्या नायकाच्या गोठ्यातली गाय कोणत्या शिंगाची होती ते बरोबर सांगायचा. "वैनी, त्या पिच्चरात बैल बदलला हाय. गाणं सुरू झालं तवा पांढरा होता, संपलं तवा कबरा," असं काहीतरी तो काढायचा आणि दोघी हसून बेजार व्हायच्या.

मार्गशीर्षात देवमननं फवारणीचं औषध घेतलं. अकोल्याच्या दवाखान्यात दोन दिवस होता. मग गेला.

ती वर्षंच तशी होती. वऱ्हाडात रोज कोणत्या ना कोणत्या गावातून बातमी यायची. मोटारींचे ताफे यायचे, कॅमेरे यायचे, जायचे. देवमनचं कारण सगळ्या गावानं आपापलं सांगितलं. माणिकबाईनं एकही सांगितलं नाही. तिला ठाऊकच नव्हतं. आदल्या दिवशी तो हसत होता, एवढंच तिला माहीत होतं.

खेळ बंद पडला. जहाँआरानंही विचारणं सोडलं. दोघी दुपारभर नुसत्या बसायच्या. होळी गेली, ऊन वाढलं, आणि एक दिवस माणिकबाई आपणहून म्हणाली, "काय वं, काहून गप बसून राहिली? विचार ना काही."

जहाँआरानं तिच्याकडे पाहिलं. "विचारू?"

"विचार. सोपं नको विचारू."

समोर भाकरीचं पीठ विकणारी गोदाबाई हे ऐकत होती. तिनं संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावात पोचवली. घरात तरणाताठा माणूस गेला अन् त्याची थोरली वैनी बाजारात पिच्चरचे खेळ खेळते. उत्तमरावांच्याही कानावर ते आलं. ते फार बोलणारे नव्हते. "लोकं बोलून राहिले," एवढंच म्हणाले.

"बोलू द्या. लोकायचं तोंड हाय, लोकायनं वापरावं."

"रागिणीले काय वाटत अशीन?"

माणिकबाईनं पलीकडच्या बंद दाराकडे पाहिलं. रागिणी ही देवमनची बायको. पलीकडच्याच खोलीत राहायची, कामाला हात लावायची, पण घरात कोणाशी दोन शब्दांवर तिसरा बोलत नव्हती.

*

जहाँआराची मुलगी हीना अमरावतीला कॉलेजात होती. तिनं बातमी आणली. मुंबईची एक वाहिनी जुन्या सिनेमांवर प्रश्नांचा कार्यक्रम करणार होती, ‘रीळ आणि रसिक’ नावाचा. जोडीनं खेळायचं. अकोल्याला चाचणी, त्यातून निवडलेल्यांना अमरावतीला बोलावणार. हीनानं दोघींची नावं देऊनही टाकली होती.

"मले विचारलं का तुह्या पोरीनं?" माणिकबाई म्हणाली.

"मलेबी नाई विचारलं," जहाँआरा म्हणाली. "आता नाव गेलं. आपण नाई गेलो तर म्हणतीन, भ्याल्या."

अकोल्याच्या चाचणीला एका शाळेच्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं होती. पेन्शनर, वकील, एक डॉक्टरांची जोडी, कॉलेजची पोरं. दोघींना वाटलं होतं पहिल्याच प्रश्नाला घरी जाऊ. पण निवडलेल्या जोड्यांमध्ये त्यांचं नाव वाचलं गेलं. जहाँआरानं बसस्टँडवर कचोरी घेतली आणि खाता खाता म्हणाली, "माणिकबाई, आपल्याले खरंच येते वं."

आठवड्यानं वाहिनीची एक मुलगी गावात आली. शर्वरी तिचं नाव. सोबत कॅमेरावाला. स्पर्धेआधी प्रत्येक जोडीची छोटी ओळख दाखवायची होती. जहाँआराचं दुकान तिनं चटकन टिपलं आणि मग नदीपलीकडे, वावराला लागून असलेल्या माणिकबाईच्या घरी आली. माणिकबाईनं नवं पातळ नेसलं होतं.

"ताई, रोजचंच नेसा ना," शर्वरी म्हणाली. "आणि वांग्यांच्या वाफ्यात नको, त्या पलीकडच्या वाळलेल्या कपाशीत उभ्या राहा. हसू नका फक्त."

"ते वावर आमचं नोहे."

"चालेल. दिसायला चांगलं आहे."

"माई, मी भाजीवाली हाय. पऱ्हाटीत उभी राहून काय करू?"

शर्वरी वाईट मुलगी नव्हती. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, मला कळलं तुमच्या घरात काय झालं ते. शेजारी बोलले. तुम्ही त्याबद्दल थोडं बोललात तर लोकांना तुमच्याबद्दल आपुलकी वाटेल. इतक्या दुःखातही तुम्ही खेळायला येताय, हे किती मोठं आहे."

माणिकबाईनं वांग्यांच्या टोपलीवरचं ओलं फडकं नीट केलं. "ते आमच्या घरचं हाय. मले सिनेमाचं विचारा. दिवसभर सांगतो."

गाडी गेल्यावर रागिणी दारात आली. ती सगळं ऐकत होती. कितीतरी महिन्यांनी ती आपणहून बोलली.

"बाई, तुमी जा. खेळा. पण तठी त्यायचं नाव निघू देऊ नका. आमच्या घरावर पाटी लागली हाय, ज्याले पाह्यजे तो वाचून जाते."

"नाई निघू देत," माणिकबाई म्हणाली.

*

अमरावतीच्या सभागृहात इतके दिवे लावले होते की जहाँआरानं बुरख्याचा नकाब मागे सारून रुमालानं घाम पुसला. उत्तमराव तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांना सिनेमात काडीचा रस नव्हता. बायको परगावी जाते म्हणून आले, म्हणाले. खिशातून फुटाणे काढून एकेक तोंडात टाकत होते.

मंचावर चार जोड्या. दोघींच्या शेजारी परतवाड्याचे एक मास्तर आणि त्यांचा मेहुणा, पलीकडे डॉक्टर जोडी, शेवटी दोन कॉलेजची मुलं. प्रश्न काढायला पांढऱ्या केसांचे एक परीक्षक होते. पहिल्या फेरीत माणिकबाईनं ‘पत्थर की नाव’चा शेवट सांगितला. दुसरीत जहाँआरानं ‘चौथा मुसाफिर’मधल्या खलनायकाच्या अंगठीचा खडा ओळखला. मास्तर पुढे होते, पण दोघी फार मागे नव्हत्या. आपण भाजीबाजारातून आलोय हे त्या विसरून गेल्या होत्या. बोट वर करत होत्या, एकमेकींना कोपर मारत होत्या, एकदा तर मंचावरच भांडल्या आणि लोक हसले. मजा येत होती.

तिसऱ्या फेरीआधी सूत्रसंचालक पुढे आला. उंच, गोरा, आवाज मधासारखा. दिवे मंद झाले. मागच्या पडद्यावर वाळलेली पऱ्हाटी दिसली. तीच, पलीकडच्या वावरातली.

"रसिकहो," तो म्हणाला, "आता मी ज्या ताईंकडे वळतोय, त्यांच्या घरावर गेल्याच वर्षी आभाळ कोसळलं. त्यांचे दीर, देवमन..."

सभागृहात एक हळहळ उठली. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. तिसऱ्या रांगेत उत्तमरावांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

माणिकबाई उभी राहिली. ती दाद घ्यायला उठली असं समजून लोकांनी टाळ्या आणखी वाढवल्या. तिनं हात वर केला, बाजारात गिऱ्हाइकाला थांबवते तसा.

"थांबा भाऊ."

"ताई, बसून बोललात तरी..."

"बसून नाई बोलत. त्याचं नाव घेऊ नका. तो मेला हे खरं हाय. तो आमच्या घरचा होता, आमी पाहून घेऊ. मी अन् जहाँआरा इथं पिच्चरचे प्रश्न खेळायले आलो. देवमन हा प्रश्न नोहे. तुमच्याजवळ प्रश्न अशीन तर विचारा."

टाळ्या मध्येच तुटल्या. सूत्रसंचालकानं कानातल्या यंत्राला बोट लावलं, तिकडून त्याला काहीतरी सांगत असावेत. मग तो हसला. "अर्थातच! ताईंच्या हिमतीला सलाम. तर तुमच्यासाठी प्रश्न. ‘जुगनू महल’ या चित्रपटात जो महाल दाखवला आहे, त्या महालाचं नाव काय?"

लोक प्रेमानं हसले. मागून कोणी ओरडलं, "सांगा माय, सांगा!" उत्तर दिलं असतं तर दोघी दुसऱ्या क्रमांकावर गेल्या असत्या.

आता जहाँआरा उठली. ती चारचौघांत कमी बोलायची, पण आवाज खणखणीत होता.

"भाईसाब, प्रश्नातच उत्तर हाय. हा प्रश्न तुमी या मास्तरायले विचारला असता का?"

"नियमानुसार कोणालाही..."

"मास्तर, तुमाले विचारला असता का?"

मास्तरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "नाही. आम्हाला कठीण येताहेत."

"मंग आमालेबी कठीण द्या," माणिकबाई म्हणाली. "नाई आलं तर नाई आलं. आमी येड्या नाई."

सूत्रसंचालकाला काय करावं कळेना. तो शर्वरीकडे पाहू लागला. ती मंचाच्या कडेला उभी होती, तिचा चेहरा उतरला होता. शेवटी पांढऱ्या केसांचे परीक्षकच बोलले. "बाईंचं बरोबर आहे. हा प्रश्न रद्द. मी दुसरा देतो." त्यांनी गठ्ठ्याच्या तळातला कागद काढला. "‘आखिरी टाँगा’. टांगेवाल्याच्या घोडीला तो सबंध चित्रपटात एकदाच नावानं हाक मारतो. ते नाव काय?"

माणिकबाईनं तो शब्द स्वतःशीच म्हटला. घोडी. इतक्या सिनेमांतून घोडीच निघायची होती. देवमन इथे असता तर प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यानं नाव सांगून घोडीच्या कपाळावरचा ठिपकाही सांगितला असता. तो पिच्चर त्यानं दोघींना डोक्यात जाईस्तोवर सांगितला होता, आणि दोघींनी कधी नीट ऐकलं नव्हतं.

कॅमेरावाला गुडघ्यावर सरकत पुढे आला. भिंग तिच्या तोंडासमोर आलं. सगळं सभागृह वाट पाहत होतं, आणि ती वाट उत्तराची नव्हती हे तिला कळत होतं.

तिनं भिंगात सरळ पाहिलं.

"काय पाह्यतं बावा? विचार करून राहिली मी."

जहाँआरानं तिचा हात धरला. "चमेली?"

"चमेली कुत्री होती. दुसऱ्या पिच्चरातली."

"मंग बिजली."

"बिजलीच अशीन." माणिकबाईनं परीक्षकांकडे पाहिलं. "बिजली."

"चूक," परीक्षक म्हणाले. "रेशमा."

"हो," माणिकबाई म्हणाली. "रेशमा. बरोबर हाय तुमचं."

दोघी शेवटच्या आल्या. डॉक्टर जोडी जिंकली. शेवटी सूत्रसंचालकानं जाहीर केलं, की वाहिनीतर्फे माणिकताईंना एक विशेष सन्मान, एक पैठणी आणि शिलाई मशीन. मशीन मंचावर आणलंही होतं, फीत बांधून. म्हणजे ते आधीपासूनच ठरलेलं होतं.

"हे कशाचं?" जहाँआरानं विचारलं.

"तुमच्या जिद्दीचं."

"जिद्दीचं बक्षीस कोण्या नियमात हाय? आमी हारलो. हारलेल्याले नाई भेटत." ती माणिकबाईकडे वळली. "चल वं, बस सुटून जाईन."

मशीनला वळसा घालून त्या मंचावरून उतरल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त परतवाड्याचे मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी दोघींना हात जोडले.

*

बसमध्ये तिघांना मागची लांब सीट मिळाली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. उत्तमराव खिडकीला होते. जहाँआराला डुलकी लागली होती. मधेच उत्तमराव बाहेरच पाहत म्हणाले, "त्याले आलं असतं ते."

माणिकबाई त्यांच्याकडे वळली.

"लहानपणी मेल्यानं मले त्या पिच्चरले नेलं होतं. मी झोपलो. त्यानं घरी येऊन मले सगळा सांगतला, टांग्याचा आवाज काढून काढून." त्यांचा आवाज चिरकला. "मी म्हटलं, चूप राय, झोपू दे."

देवमन गेल्यापासून ते त्याच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आता ते भर बसमध्ये, लोकांदेखत रडले. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागे वळून पाहिलं, तशी माणिकबाईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा वळला नाही. तिनं नवऱ्याला पदर दिला. मग तीही रडली, आणि तिला ते हलकं वाटलं, कारण ते कोणी मागितलेलं नव्हतं.

घरी पोचल्यावर तिनं आधी रागिणीची खोली गाठली.

"नाव निघालं," ती म्हणाली. "तुह्यापासून लपवत नाई. त्यायनं काढलं. पण मी पुढं बोलू नाई दिलं."

रागिणीनं सगळं विचारून घेतलं. कोण काय म्हणालं, लोक काय म्हणाले, मशीन कसलं होतं. मशीनचं ऐकून म्हणाली, "चांगल्या कंपनीचं अशीन."

"अशीन."

"बरं झालं नाई आणलं," रागिणी म्हणाली. "त्याच्यावर काय शिवलं असतं आपण?"

कार्यक्रम दिवाळीच्या आसपास दाखवला गेला. गावातल्या पाच-पंचवीस बाया टीव्हीसमोर जमल्या होत्या. तीन जोड्या दिसल्या, मास्तर दिसले, डॉक्टर दिसले. माणिकबाई आणि जहाँआरा कुठेच नव्हत्या. कापून टाकल्या होत्या. एकदाच मास्तरांच्या बाजूला काळ्या बुरख्याचं एक कोपर दिसलं. "ते माहं कोपर हाय!" जहाँआरा ओरडली. "पाहा, किती नीट आलं!"

गोदाबाईला मात्र संधी मिळाली. दुसऱ्या दिवशी बाजारात ती सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इतक्या दूर गेल्या, अन् टीव्हीतबी नाई आल्या."

"नाई आलो," माणिकबाई म्हणाली. "तुले पाह्याचं अशीन तर इथं ये, रोज दुपारी. तिकीट नाई."

आणि खरंच, दुपारी बाया येऊ लागल्या. आधी हीनाच्या दोन मैत्रिणी, मग बांगडीवाल्याची सून, मग मिरचीबाजारातल्या दोघी. जहाँआरानं एक जुनी सतरंजी पायरीवर अंथरली. एका शुक्रवारी रागिणी मेथीचं गाठोडं घेऊन आली. गाठोडं ठेवून ती निघेल असं वाटलं होतं, पण ती सतरंजीच्या कडेला टेकली. तीन-चार प्रश्न तिनं ऐकले. मग म्हणाली, "मले जास्त नाई येत. लग्न झाल्यावर अकोल्याले एक पिच्चर पायला होता. त्याच्यातलंच विचारीन."

"विचार."

"हिरो परदेसातून येते. आई त्याले जेवायले बसवते. ताटात पयले काय वाढते?"

बायांनी भात सांगितला, पुरी सांगितली, शिरा सांगितला. जहाँआरा खीर म्हणाली. माणिकबाईनं खूप डोकं चालवलं आणि भाकर म्हणाली.

"सगळं चूक," रागिणी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. "काहीच नाई वाढत. ताट उपडं हाय. आई नुसती बोलूनच राहिली, बोलूनच राहिली, अन् तो पोट्टा उपाशी!"

सगळ्या हसल्या. रागिणी तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. समोरून गोदाबाई उठून आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय वं रागिणी? नवऱ्याचं वर्षश्राद्ध नाई झालं अजून, अन् तू बाजारात बसून हसून राहिली?"

सतरंजीवरच्या सगळ्यांनी वर पाहिलं. माणिकबाई बोलणार होती, पण रागिणीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं. ती उठली नाही. बसूनच गोदाबाईकडे पाहिलं.

"हो, हसून राहिली," ती म्हणाली. "उद्याबी हसीन. बसाचं अशीन तर बस, नाई तं उजेड सोड, आमाले दिसत नाई."

गोदाबाईनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग बाजूला झाली, पण गेली नाही. रागिणीनं पदरानं डोळे पुसले आणि जहाँआराकडे वळली.

"आता तुमचा प्रश्न. कठीण विचारा."